पाण्याखालचा ऑगस्ट

३ ऑगस्ट २०२५, रविवार

फिल्म क्लबवाल्यांना गणपतीनंतरच्या शनिवार-रविवारसाठी तीन चित्रपट निवडून हवे आहेत. विषय त्यांनीच ठरवून टाकलाय : पाणबुडीतले आणि खोल समुद्रातले भयपट. मलाच का, तर मी सिनेमात आवाजाचं काम करते आणि ‘तुम्हाला असलं काहीतरी आवडतं’. आवडतं, खोटं कशाला बोला.

सुरुवात १९८९ पासून केली. त्या वर्षी या प्रकाराला पूर आला होता. जानेवारीत ‘डीपस्टार सिक्स’, मार्चमध्ये ‘लेव्हायथन’, ऑगस्टमध्ये ‘दि अबिस’. जेम्स कॅमेरून समुद्राच्या तळाशी काहीतरी मोठं करतोय म्हटल्यावर त्याच्या आधी बाजारात पोचायची घाई झालेली दिसते. ‘डीपस्टार’चा दिग्दर्शक शॉन कनिंगहॅम, म्हणजे ‘फ्रायडे द थर्टीन्थ’वाला. तिकडे तलावाकाठची पोरं एकेक करून मरायची, इकडे तळावर काम करणारी माणसं मरतात. ‘लेव्हायथन’ त्या मानाने खात्यापित्या घरचा. स्टॅन विन्स्टनने घडवलेला राक्षस, जेरी गोल्डस्मिथचं संगीत, पीटर वेलर. समुद्रतळावरच्या खाणीतल्या कामगारांना बुडालेलं रशियन जहाज सापडतं, त्यातली दारू कोणीतरी पितो आणि पुढे ‘एलियन’ अधिक ‘द थिंग’.

दोन्ही पाहताना एकच गोष्ट खटकत राहिली. राक्षस येईपर्यंत समुद्र असतो. झडपांतून थेंब गळतात, पत्रा कुरकुरतो, दाबाचा काटा हलतो. राक्षस आला की समुद्र संपतो. मग उरतो एक बोळ आणि त्यात पळणारी माणसं. तो बोळ अवकाशयानातला असला काय किंवा इस्पितळाच्या तळघरातला असला काय, काही फरक पडत नाही.

‘दि अबिस’ भयपट नाही, पण त्या तिघांत जीव गोठवणारा प्रसंग त्यातच आहे. पाणी भरत चाललेल्या छोट्या पाणबुडीत नवरा-बायको, आणि पाण्यात श्वास घेण्याचा पोशाख एकच. बायको म्हणते, मी बुडते, गार पाण्यात शरीर थोडा वेळ तग धरेल, तू मला ओढत ने आणि तिकडे जाऊन जिवंत कर. ती हे ज्या शांतपणे मांडते, त्यानेच अंगावर काटा येतो. आणि मग प्रत्यक्ष बुडताना तिचा सगळा शांतपणा जातो. साउथ कॅरोलायनात गॅफ्नीजवळ अर्धवट सोडलेल्या अणुवीज केंद्रात हे चित्रण झालं. मोठ्या टाकीत जवळजवळ २ कोटी ८० लाख लिटर पाणी, आणि वरचा उजेड अडवायला पाण्यावर काळे मणी पसरलेले. शिरस्त्राणांत माइक बसवून पाण्याखालचे संवाद तिथेच टिपले. हे वाचून माझ्यासारखीला हेवा वाटतो.

५ ऑगस्ट, मंगळवार

‘डास बोट’. वोल्फगांग पीटरसन, १९८१. कितव्यांदा, ते सोडा.

दुकानात हा युद्धपटांच्या फळीवर असतो. माझ्या मते या यादीतला पहिला भयपट हाच. सुरुवातीलाच पडद्यावर अक्षरं येतात : चाळीस हजार जर्मन पाणबुडीवाले युद्धात गेले, तीस हजार परतले नाहीत. म्हणजे शेवट आधीच सांगून टाकलाय. आता अडीच तास बसा.

आज डोळे मिटून बराचसा भाग नुसता ऐकला. योस्ट व्हाकानोने छायाचित्रणासाठी हातात धरून पळता येईल असा कॅमेरा बनवून घेतला होता, तो स्थिर राहावा म्हणून त्याला गरगर फिरणाऱ्या चकत्या लावल्या होत्या. त्यांचा आवाज इतका की जागेवरचं ध्वनिमुद्रण अशक्य. त्यामुळे बोलणं नंतर डब केलं. पाणबुडीच्या आतलं एवढं खरं वाटणारं जग, ते धापा टाकणं, ती कुजबुज, हे बहुतेक सगळं स्टुडिओत माइकसमोर उभं राहून केलेलं आहे. या चित्रपटाला सहा ऑस्कर नामांकनं होती, त्यांतली दोन आवाजाची. मिळालं एकही नाही. असो.

वर विनाशिका फिरतेय आणि तिच्या ध्वनिलहरी पत्र्यावर येऊन आपटतायत. आधी दोन आपट्यांमध्ये बरंच अंतर, मग कमी, मग आणखी कमी. सगळे वर बघतात. वर काय आहे? पाइप आहेत. पण सगळे वरच बघतात. दिग्दर्शकाला शत्रू दाखवावा लागत नाही, माना वर करायला लावल्या की झालं. आपल्याकडच्या किती भयपटांत मी स्वतः व्हायोलिनच्या किंचाळ्या लावल्यात! इथे एक टिंग.

मग जिब्राल्टर. पाणबुडी बुडत जाते, खोलीमापकाचा काटा आकड्यांच्या पलीकडे जातो आणि शेवटी ती २८० मीटरवर तळाला टेकते. दाबाने बोल्ट उडू लागतात, गोळी सुटावी तसे. तिथे इंजिनवर योहान नावाचा मेकॅनिक आहे. त्याला सगळे ‘भूत’ म्हणतात, कारण तो सतत यंत्रांच्या अंधारात असतो. खोल पाण्यातल्या हल्ल्यात आधी त्याचंच डोकं फिरतं आणि पुढे पाणबुडी वाचवणाऱ्यांतही तोच. इतक्या सगळ्या सिनेमांतलं मला आवडलेलं एकमेव भूत.

७ ऑगस्ट, गुरुवार

अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा ‘टायटन’वरचा अहवाल परवा बाहेर आला. तीनशेहून अधिक पानं. बातम्या आणि त्यातले काही भाग वाचले. १८ जून २०२३ ला टायटॅनिकचे अवशेष बघायला निघालेली ती छोटी पाणबुडी, कार्बन फायबरचं कवच, आत पाच जण. ती खाली दाबाने चिरडली गेली, तो अपघात टाळता आला असता, असा निष्कर्ष.

त्यात मला चिकटून राहिलं ते आवाजांबद्दलचं. आदल्या वर्षी, २०२२ च्या एका फेरीत वर येताना मोठ्ठा आवाज झाला होता. आतल्यांनी ऐकला. कवचावर बसवलेल्या यंत्रांच्या नोंदींतही त्यानंतर फरक पडला होता. कवच चौकटीत जरा सरकलं असेल अशी समजूत करून घेतली गेली. मग २०२३ चा तो दिवस. वर जहाजावर संगणकासमोर बसलेल्यांना एक धप्प ऐकू आलं, काय झालं म्हणून विचारणाही झाली. आणि त्यानंतर खालून एक निरोप पोचला : दोन वजनं सोडली. आधी निघालेला निरोप उशिरा पोचला होता. निरोप आला म्हणजे सगळं ठीक, असं त्यांनी धरलं.

पुढचे चार दिवस जगभर लोक ‘ठोकल्याचे आवाज’ ऐकत होते, उरलेला प्राणवायू तासांत मोजत होते. अवशेष सापडल्यावर कळलं की अमेरिकी नौदलाच्या यंत्रणेने पहिल्याच दिवशी तो स्फोटासारखा आवाज टिपला होता.

ही कथा कोणी पटकथा म्हणून आणली असती तर मी म्हटलं असतं, निरोप उशिरा येण्याचा भाग काढा, फार जुळवून आणल्यासारखा वाटतो.

१० ऑगस्ट, रविवार

दादा जेवायला आला होता. माझा मामेभाऊ, नौदलात पाणबुडीवर सोनारला, म्हणजे पाण्यातले आवाज ऐकायच्या कामाला होता, आता निवृत्त. आईने त्याच्यासाठी बोंबलाचं सुकं केलं, कारण पाणबुडीत आंघोळीला पाणी मिळायचं नाही हे तिने कधीतरी ऐकलं आहे आणि तिच्या मते याची भरपाई अजून व्हायची आहे.

मी त्याला ‘डास बोट’मधला तो भाग लावून दाखवला. थोडा वेळ बघितला आणि म्हणाला, “हे बरोबर आहे. टिंग वरून येतोय. बाकीच्या सिनेमांत पाणबुडीच टिंग टिंग करत फिरते. अगं, आम्ही टिंग केलं की आम्हीच सापडलो. पाणबुडी बोलत नाही, ऐकते.”

“ऐकायला काय येतं?”

“कोळंबी.”

मला वाटलं थट्टा करतोय. खरंच कोळंबी. म्हणजे खायची नव्हे, तिच्या जातकुळीतली, एका मोठ्या नांगीने चट्ट करणारी. उथळ उबदार समुद्रात त्यांची वस्ती असते आणि हायड्रोफोनवर, म्हणजे पाण्यातल्या माइकवर, ते तेलात काही तळत असल्यासारखं सारखं कडकडत राहतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने यावर मुद्दाम संशोधन केलं होतं, कारण त्या कडकडाटात शत्रूची पाणबुडी लपू शकते. मग देवमासे. मग कोणाच्या तरी बोटीचा पंखा, किती पात्यांचा हे मोजायचं.

“आणि काय आहे ते कळलंच नाही तर?”

“लिहून ठेवायचं. वेळ, दिशा. घाबरायचं काम सिनेमावाल्यांचं.”

नवीन पोरांना दाखवायची एक गंमत त्याने सांगितली. वरच असताना पाणबुडीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरा ताणून बांधायचा. खाली गेलं की दोरा झोळ खातो. भिंती जवळ आलेल्या असतात. दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, हे मला पाठ आहे. पण सैल झालेला दोरा माझ्या माहितीतल्या कुठल्याच भयपटात नाही. इतकी स्वस्त आणि इतकी भयंकर गोष्ट.

जाताना दाराशी चपला घालता घालता म्हणाला, खाली गेल्यावर पत्रा ‘बोलतो’, ठक्क करतो, आणि त्याची सवय होते. सवय होत नाही ती तो बोलायचा थांबला की.

रात्री लोखंडी ट्रंक पलंगाखालून ओढली, आत गाद्या ठेवून झाकणावर हळूहळू गुडघा दाबत गेले. चांगला आवाज मिळाला. आईने विचारलं, काय चाललंय. शेजारणीने सकाळी विचारलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

रशियन पाणबुडी ‘कुर्स्क’ बुडाली त्याला आज पंचवीस वर्षं. बॅरन्ट्स समुद्र, ११८ माणसं. पाणबुडीची लांबी १५४ मीटर आणि ती पडली होती १०८ मीटर खोल. उभी धरली असती तर टोक पाण्याबाहेर आलं असतं. स्फोटानंतर तेवीस जण नवव्या कप्प्यात जिवंत होते. कप्तान-लेफ्टनंट कोलेस्निकोव्हने अंधारात, अक्षरं न दिसता, त्यांची यादी लिहून ठेवली.

थॉमस विन्टरबर्गचा २०१८ चा चित्रपट याच घटनेवर आहे. नेटका आहे, मथियास शोनार्ट्स चांगला आहे. क्लबात लावणार नाही. खरी यादी माहीत असताना अभिनेत्यांचे चेहरे मोजत बसणं मला जमलं नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

‘सिंधुरक्षक’ची तारीख. २०१३, नौदलाची ही पाणबुडी मुंबईच्या गोदीत धक्क्याला बांधलेली असताना मध्यरात्रीनंतर तिच्यात स्फोट झाले. अठरा जण गेले. कितीही खोल जाऊन आलेली पाणबुडी, आणि हे गोदीतल्या पाण्यात. दादाला दरवर्षी या दिवशी फोन करायचा नसतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

१६ ऑगस्ट, शनिवार

‘बिलो’. २००२, दिग्दर्शक डेव्हिड ट्वोही, पटकथेत त्याच्याबरोबर लुकस ससमन आणि डॅरेन अरोनोफ्स्की. आला कधी, गेला कधी कोणाला कळलं नाही. याच्यावर मी क्लबवाल्यांशी भांडणार आहे.

१९४३, अटलांटिक. अमेरिकी पाणबुडी ‘टायगर शार्क’ एका बुडालेल्या ब्रिटिश इस्पितळ-जहाजावरच्या तिघांना उचलते. त्यांतली एक परिचारिका. कप्तान नुकताच वारलाय, कसा ते नीट कोणी सांगत नाही. वर जर्मन जहाज फिरतंय, सगळं बंद करून मुकाट बसायचा हुकूम आहे, आणि त्या शांततेत ग्रामोफोनवर बेनी गुडमनची तबकडी आपोआप वाजायला लागते. मोठ्याने.

इथे मी रिमोट ठेवून उठले आणि येरझाऱ्या घातल्या, इतकं हे अचूक आहे. वाड्यातल्या भुताला साखळ्या वाजवाव्या लागतात, दारं आपटावी लागतात, आणि एवढं करून घरचे पळून जातात. इथे पळायला जागा नाही आणि जीव वाचवायला एकच उपाय आहे, आवाज न करणं. भुताने फक्त तबकडी लावायची. मारायचं काम वरचं जहाज करेल.

दुसरा प्रसंग आकड्यांचा. जर्मन जहाज साखळीला लोखंडी आकडे बांधून पाण्यात ओढत नेतं आणि ते पाणबुडीच्या पाठीवरून खरवडत जातात, पुढून मागे. आतली माणसं मानेने त्या आवाजाबरोबर सरकतात. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो, हवेतल्या चौपटीहून जास्त. त्यामुळे दोन कानांना तो जवळजवळ एकाच वेळी पोचतो आणि पाण्यात बुडी मारलेल्या माणसाला दिशा कळत नाही. सगळीकडून आल्यासारखा वाटतो. पत्र्यावरून खरवडणारा आवाज मात्र दिशा सांगतो, आणि तेच वाईट.

आता शेवट इथे लिहून ठेवते, क्लबात सांगणार नाही. इस्पितळ-जहाज जर्मन समजून यांनीच बुडवलेलं असतं. कप्तानाला वर जाऊन माणसं वाचवायची होती, अधिकाऱ्यांना आपली चूक लपवायची होती, म्हणून कप्तान गेला. सुकाणू बिघडून पाणबुडी पुन्हा पुन्हा त्याच जागेकडे वळते. भूत आहे का? असेल. बॅटऱ्यांमधून हायड्रोजन सुटतो, हवा विटलेली असते, माणसांना भास होऊ शकतात, हीही वाट चित्रपट मोकळी ठेवतो. पण ज्यांनी पाण्यातल्या माणसांना तसंच सोडलं, त्यांना त्यांच्याच गुन्ह्याबरोबर नळकांड्यात बंद करून ठेवल्यावर भुताची गरज कितीशी?

शेवटची दहा मिनिटं मात्र ढिली आहेत, सगळं समजावून सांगायची घाई झालीय. बाहेरची दृश्यं खऱ्या ‘सिल्व्हरसाइड्स’ या महायुद्धातल्या पाणबुडीची, आणि पाणी लेक मिशिगनचं. म्हणजे हा अटलांटिक गोड्या पाण्याचा आहे.

खऱ्या पाणबुड्यांच्या भूतकथाही वाचल्या. पहिल्या महायुद्धातली जर्मन ‘यूबी-६५’ त्यांत सगळ्यांत प्रसिद्ध. टॉर्पेडो फुटून मेलेला अधिकारी पुढच्या टोकाशी हाताची घडी घालून उभा दिसायचा, असं म्हणतात. ती जुलै १९१८ मध्ये नाहीशी झाली आणि तिचे अवशेष २००४ मध्ये कॉर्नवॉलच्या पॅडस्टोजवळ सापडले. कथा मला फारशी पटत नाही. हाताची घडी घालून उभा राहणारा कोणीही मला भीतीदायक वाटत नाही, शाळेतले सर वाटतात.

१७ ऑगस्ट, रविवार

क्लबच्या अध्यक्षांचा फोन. “आपलं काही नाही का यात? मराठी राहू द्या, हिंदी?”

‘द गाझी अटॅक’ आहे, २०१७ चा. राणा दग्गुबाती, के. के. मेनन आणि आपला अतुल कुलकर्णी. पाणबुडीच्या आतला तणाव संकल्प रेड्डीने चांगला पकडलाय. पण ती शौर्यकथा आहे, भय नाही. मला नेहमी वाटतं, भय त्या दुसऱ्या बाजूला आहे. ‘गाझी’ ही मुळात अमेरिकी ‘डायाब्लो’, महायुद्धाच्या शेवटी बांधलेली, नंतर पाकिस्तानला दिलेली. डिसेंबर १९७१ मध्ये ती विशाखापट्टणमसमोर बुडाली. कशी, याबद्दल आजही दोन तऱ्हा सांगतात. नाव सैतानाचं, नंतर धर्मयोद्ध्याचं, आणि अजून तिथेच तळाशी आहे, माणसांसकट. यावर कोणी भयपट काढला नाही. काढणारही नाही.

मग ‘भूत : पार्ट वन’, २०२० चा, विकी कौशल. याला मात्र मुंबईचं खरं मूळ आहे. २०११ च्या जूनमध्ये ‘विझ्डम’ नावाचं जहाज ओढून अलंगला तोडायला नेताना सुटलं आणि जुहूच्या वाळूत येऊन बसलं. जुलैअखेर दुसरं, ‘पवित’. अख्खं शहर बघायला गेलं होतं, भुट्टे खात. चित्रपटातही तसंच ओकंबोकं जहाज जुहूला लागतं. पहिला अर्धा तास त्या लोखंडी अंधाराचा चांगला वापर आहे, मग नेहमीचा मांत्रिकी मामला.

विचार करत बसले की आपल्याकडे खोल समुद्राचं भूत का नाही. पाण्याची भुतं कमी नाहीत. कोकणात पाण्याकाठी वाट चुकवणारा गिऱ्हा आहे, विहिरी-डोहांत साती आसरा आहेत. पण ती सगळी काठावरची. माणूस जिथे पाणी भरायला, गुरं धुवायला, उतार ओलांडायला जातो, तिथे ती बसलेली. खोल समुद्रात कोण जात होतं? आणि भयकथा लिहिणाऱ्या धारप-मतकरींना वाडे, चाळी, बंगले एवढे हाताशी असताना त्यांनी तरी पाण्याखाली कशाला जावं?

खोल जाणारा एकच आपला, आणि तोही फ्रेंच माणसाने लिहिलेला. ज्यूल व्हर्नचा कॅप्टन नेमो. पुढच्या कादंबरीत कळतं की तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर. २००३ च्या एका इंग्रजी चित्रपटात नसीरुद्दीन शाहने तो केला, आणि त्या चित्रपटातलं तेवढंच बघण्यासारखं आहे.

२० ऑगस्ट, बुधवार

दोन दिवस पावसाने शहर धुऊन काढलं. काल संध्याकाळी चेंबूरकडे मोनोरेल मध्येच बंद पडली, वीज गेली, आतली हवा थांबली. पाचशेहून अधिक माणसं त्या हवाबंद डब्यांत अडकली होती, अग्निशमन दलाने शिड्या लावून उतरवली. बातम्यांत आतले व्हिडिओ दाखवत होते. काचेवर तळहात, आणि सगळे दाराकडे नाही तर वरच्या झरोक्यांकडे बघत होते, हवा येते का म्हणून.

घराबाहेर पडायचं नव्हतं म्हणून ‘अंडरवॉटर’ लावला, २०२०, विल्यम युबँक. क्रिस्टन स्टुअर्ट दात घासतेय, छतातून पाण्याचे थेंब, आणि काही मिनिटांतच संपूर्ण तळ दाबाने चिरडायला लागतो. ओळख नाही, पूर्वकथा नाही. ही सुरुवात या प्रकारातल्या उत्तमांपैकी. शेवटी येतो तो प्रचंड राक्षस, जो लव्हक्राफ्टचा कथुलू आहे असं दिग्दर्शकानेच नंतर सांगितलं.

यावरून १९९७ चा तो आवाज आठवला. दक्षिण प्रशांत महासागरात अमेरिकी हायड्रोफोनांनी एक प्रचंड, खोल, वर चढत जाणारा आवाज टिपला. हजारो किलोमीटर दूरच्या यंत्रांनीही ऐकला. त्याला ‘ब्लूप’ म्हणू लागले. लव्हक्राफ्टने १९२८ च्या कथेत कथुलूचं बुडालेलं शहर त्याच बाजूच्या समुद्रात ठेवलं असल्यामुळे भक्तांना आनंदाचं भरतं आलं. पुढे निघालं की तो अंटार्क्टिकाकडच्या बर्फाचे कडे तडकण्याचा आवाज. मूळ वेगाने ऐकला तर नीट ऐकूही येत नाही, वेग बराच वाढवून ऐकवतात. मला तडकणारं बर्फच जास्त भयंकर वाटतं, पण हे क्लबात सांगितलं तर पर्यावरणाचं व्याख्यान होईल.

२३ ऑगस्ट, शनिवार

यादी कळवली. शनिवारी संध्याकाळी ‘डास बोट’, रविवारी सकाळी ‘बिलो’. सभागृहाचे स्पीकर पाहून आले. खालचे सूर नाहीतच, मधले फुटतात, पंखे त्याहून मोठे. भाड्याने स्पीकर आणायचे म्हटल्यावर खजिनदारांनी दोन दिवस मागितलेत. पंखे बंद ठेवू म्हटलं तर म्हणाले, सप्टेंबरात माणसं मरतील.

तिसरा ‘अंडरवॉटर’ धरला होता. मग दादाला विचारलं, येशील ना. ‘डास बोट’ला नाही म्हणाला. ‘बिलो’ची गोष्ट अर्धी सांगेपर्यंतच, नको. मी विचारलं, मग कशाला येशील?

“तो रबरी राक्षसवाला लावतेस का? दारू पिऊन खवले येतात तो?”

“‘लेव्हायथन’? दादा, तो वाईट आहे रे.”

“तोच लाव. पोरांना पण आणतो.”

रविवारी दुपारी तीन, ‘लेव्हायथन’. अध्यक्ष खूश आहेत, त्यांना आधीपासून राक्षस हवाच होता. खजिनदारांना विचारायचं राहिलं, मध्यंतरात वडापाव की समोसा.